तुलसी, स्मृती इराणी आणि आमच्या सासूबाई



चातुर्मास संपला, महासतीजींचा विहार झाला आणि स्थानकातली दुपारची गर्दी ओसरली. आता आम्ही नेहमीच्या आठ-दहा जणीच उरलो आहोत. सामायिक पाळून झाली की जरा टेकतो आणि मग विषयाला विषय निघतो. (सामायिकात नाही हं! राजकथा आणि स्त्रीकथा दोन्ही विकथाच, एवढं कळतं आम्हाला.) परवा विषय निघाला स्मृती इराणींचा. जुलैपासून ती मालिका पुन्हा सुरू झाली आहे ना, त्यावरून. एक जण ठामपणे म्हणाली, "अगं, ती आधी मिस इंडिया होती, मग नटी झाली, मग मंत्री."

मिस इंडिया त्या झाल्या नव्हत्या. १९९८ च्या फेमिना मिस इंडिया स्पर्धेत त्या होत्या, तेव्हाच्या स्मृती मल्होत्रा. दिल्लीची मुलगी, तीन बहिणींत थोरली. मुकुट काही मिळाला नाही. आपली गौरी प्रधानही त्याच वर्षी स्पर्धेत होती, तिलाही मिळाला नाही. त्या वर्षी मिस इंडिया युनिव्हर्स झालेली लायमरेना डिसूझा आज आपल्यापैकी किती जणींना आठवते? मुकुटाचं म्हणाल तर आपल्या नाशिकच्या सायली भगतला मिळाला होता, २००४ साली, मिस इंडिया वर्ल्डचा. तेव्हा कॉलेज रोडवर काय कौतुक होतं! ती सिनेमात गेली, राजकारणात नाही. आणि जिला मुकुट मिळाला नाही ती बांद्र्याच्या मॅकडोनाल्ड्समध्ये काम करून, ऑडिशन देत देत पुढे देशाची शिक्षणमंत्री झाली.

मला यात गंमत वेगळीच वाटते. १९९६ साली बंगळुरूला मिस वर्ल्ड स्पर्धा झाली होती, आठवते? अमिताभ बच्चन यांच्या कंपनीने भरवली होती. केवढा गदारोळ झाला! भारतीय संस्कृती बुडते म्हणून भाजपच्या आणि त्या विचारांच्या बायका रस्त्यावर आल्या. आणि बाईची जाहिरातीची बाहुली करता म्हणून डाव्या विचारांच्या बायकाही आल्या. दोघींची घोषणा वेगळी, पण मोर्चा एकाच स्पर्धेवर. मदुराईत एका तरुणाने स्वतःला जाळून घेतलं. शेवटी पोहण्याच्या कपड्यांची फेरी देशाबाहेर, सेशेल्स बेटांवर नेली. हे सगळं १९९६ साली. त्यानंतर दोनच वर्षांनी स्मृती मल्होत्रा सौंदर्यस्पर्धेच्या मंचावर चालल्या, सात वर्षांनी, २००३ मध्ये, त्याच भाजपमध्ये गेल्या आणि २०१० मध्ये पक्षाच्या महिला मोर्चाच्या राष्ट्रीय अध्यक्ष झाल्या. मंचावरच्या त्या चालीची चित्रफीत अजून अधूनमधून कुणीतरी फोनवर पाठवतं, चिडवायला म्हणून. मला त्यात चिडवण्यासारखं काही दिसत नाही. पोरगी चालली, हरली, कामाला लागली.

मग १९९६ चा तो विरोध कुठे गेला? तो तुलसीच्या पदराखाली गेला असं माझं मत आहे. पक्षाने घेतली ती रॅम्पवरची मुलगी नव्हतीच. त्यांनी घेतली विराणींची सून.

आता जरा आमच्या घरचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

३ जुलै २००० ला, सोमवारी, 'कौन बनेगा करोडपती' आणि 'क्योंकि सास भी कभी बहू थी' एकाच रात्री सुरू झाले. करोडपती आमच्या ह्यांचं आणि मुलांचं. साडेदहाची तुलसी माझी आणि सासूबाईंची. आमच्याकडे चौविहार, त्यामुळे सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही नाही. ओटा सातला पुसून झालेला, प्रतिक्रमण झालेलं, दुधाला विरजण लावलेलं. एरवी सासूबाई साडेनऊला झोपायच्या. टीव्ही म्हणजे कर्मबंध, असं मुलांना सांगायच्या. पण तुलसीसाठी जाग्या राहायच्या. हातात माळ असायची आणि डोळे पडद्यावर. जाहिरात लागली की मणी सरकायला लागायचे.

सासूबाई फार बोलणाऱ्या नव्हत्या. लग्न होऊन आले तेव्हा मी बी. कॉम. झालेली. बी. वाय. के. कॉलेजची पदवी माहेरच्या ट्रंकेतून घेऊन आले होते. त्यांनी ती हातात घेऊन बघितली आणि कपाटात चांदीच्या भांड्यांखाली जपून ठेवली. तिथेच ती पुढची तीस वर्षं होती. त्यांचा हेतू वाईट नव्हता. किमती वस्तू तिथेच ठेवायची पद्धत.

तर त्या मालिकेत तुलसीचा मुलगा होता अंश. त्याची बायको नंदिनी. अंशने नंदिनीवर, म्हणजे स्वतःच्या लग्नाच्या बायकोवर, जबरदस्ती केली. टीव्हीवर, कुटुंबाबरोबर बघायच्या मालिकेत, अशी गोष्ट मी तरी आधी पाहिली नव्हती. आणि तुलसी सुनेच्या बाजूने उभी राहिली. पोटच्या पोराविरुद्ध. पुढे तर तिने त्याला स्वतःच्या हाताने गोळीच घातली. हिंसा ती हिंसाच, आपल्याला ती कधीच पटणार नाही, आणि मालिकावाल्यांचं नाटकी ते नाटकीच. पण नंदिनीच्या बाजूने ती उभी राहिली त्या रात्री सासूबाईंच्या हातातली माळ थांबली. जाहिरात लागली तरी मणी सरकेना.

एपिसोड संपल्यावर मी टीव्ही बंद केला. त्या उठल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आमच्या वेळी याला काही नावच नव्हतं."

मी काही विचारलं नाही. विचारण्याची पद्धत नव्हती. त्यांनी एवढंच आणखी सांगितलं की त्यांची एक मैत्रीण होती, माहेरच्या गल्लीतली. सासरहून दोनदा परत आली, दोन्ही वेळा तिच्या आईने तिला परत नेऊन सोडलं. तिसऱ्यांदा आली नाही. मग उठल्या, दिवा मालवला, झोपायला गेल्या. ती मैत्रीणच होती की आणखी कोणी, हे मला आजही ठाऊक नाही.

म्हणून सांगते, तुलसीला लोक हसतात, रडकी सून म्हणतात, तेव्हा मी हसत नाही. ती घराचीच बाई होती, पदर डोक्यावर, तुळशीला पाणी, सगळ्यांचे पाय धरणारी. पण घराची अब्रू आणि सुनेचं दुःख असे दोन पारडे समोर आले तेव्हा तिने सुनेचं पारडं धरलं. त्या तुलसीला लाखो घरांत मान मिळाला आणि तोच मान घेऊन स्मृती इराणी प्रचाराला उतरल्या. २००४ मध्ये दिल्लीच्या चांदनी चौकातून लढल्या, कपिल सिब्बल यांच्याकडून हरल्या. त्याच वर्षी महाराष्ट्रात भाजपच्या युवा मोर्चाच्या उपाध्यक्ष झाल्या. तेव्हा सभांना माणसं कुणाला बघायला यायची? तुलसीलाच.

त्यांच्या धीटपणाबद्दल मला आदर आहे, तोही सांगून टाकते. डिसेंबर २००४ मध्ये पक्षात नव्या असताना त्यांनी जाहीर केलं की नरेंद्र मोदींनी गुजरातच्या मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा द्यावा, नाहीतर मी उपोषणाला बसेन. पक्षाने डोळे वटारले आणि त्यांनी ते मागे घेतलं. दहा वर्षांनी त्याच मोदींच्या मंत्रिमंडळात त्या बसल्या. अमेठीत २०१४ मध्ये राहुल गांधींकडून १,०७,९०३ मतांनी हरल्या, पाच वर्षं तिथे फिरत राहिल्या आणि २०१९ मध्ये त्यांनाच ५५,१२० मतांनी हरवलं. हे आकडे मी वहीत लिहून ठेवलेत, सवय आहे.

शिक्षणावरून त्यांना फार बोलणी बसली. एका प्रतिज्ञापत्रात बी. ए. लिहिलं होतं, दुसऱ्यात बी. कॉम.चं पहिलं वर्ष. २०१९ मध्ये त्यांनी स्वच्छ लिहिलं की तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला नाही. लोक म्हणाले, बी. कॉम. अर्धवट सोडलेली बाई शिक्षणमंत्री कशी? प्रतिज्ञापत्रात दोन वेळा दोन गोष्टी यायला नकोत, हिशेबात तसं चालत नाही. पण पदवी नाही म्हणून हसणाऱ्यांना मी म्हणते, माझ्याकडे पूर्ण पदवी होती. चांदीच्या भांड्यांखाली.

तिला हवा लागायची वेळ एकदा आली होती. २०१२ च्या महापालिका निवडणुकीत निम्म्या जागा बायकांना राखीव झाल्या. आमचाही भाग राखीव. एका पक्षाची माणसं घरी आली. नाव सांगत नाही, आणि खरं तर कुठल्याही पक्षाची असती तरी तेच बोलली असती. बैठकीत बसली, ह्यांच्याशी बोलली. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यातला एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "वहिनींचा चेहरा सोज्वळ आहे, जैन समाजात चालेल. बाकी बोलायचं काम आम्ही बघू." मी ट्रे खाली ठेवला आणि विचारलं, "महापालिकेचं अंदाजपत्रक मला वाचायला मिळेल का?" सगळे हसले. ह्यांनीही. मी नाही म्हणून सांगितलं, त्या क्षणी. त्यांनी दुसरीकडे कुणा वहिनींना शोधलं असेलच.

त्यामुळे चेहऱ्याचं राजकारण म्हणजे काय हे मला वर्तमानपत्रातून कळलेलं नाही. बाईला व्यासपीठावर घेतात तेव्हा आधी तिचं चित्र घेतात. चित्र ठरवून दिलेलं असतं. मुकुटवाली असो की पदरवाली, चौकट तीच. प्रश्न असतो तो एवढाच की ती बाई चित्रातून बोलायला लागली तर काय बोलते.

फेब्रुवारी २०२२. स्मृती इराणी तेव्हा महिला आणि बालविकास मंत्री. राज्यसभेत लग्नातल्या बलात्काराविषयी प्रश्न आला. दिल्ली उच्च न्यायालयात तेव्हा तोच खटला चालू होता. त्यांनी उत्तर दिलं, त्याचा आशय असा की महिला आणि मुलांचं संरक्षण महत्त्वाचं आहेच, पण देशातल्या प्रत्येक लग्नाला हिंसक आणि प्रत्येक पुरुषाला बलात्कारी ठरवणं या सभागृहात योग्य नाही. मदतीसाठीच्या हेल्पलाइन वगैरेही सांगितल्या.

मी ते बातम्यांत ऐकलं तेव्हा भाजी निवडत होते. सासूबाई तोवर राहिल्या नव्हत्या. मला वाटलं, बाई गं, प्रत्येक पुरुषाला कोण म्हणतंय? नंदिनीने प्रत्येक पुरुषाला म्हटलं होतं का? तिने एका अंशचं नाव घेतलं होतं.

कायदा असा आहे की अठरा वर्षांवरच्या बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कारात धरत नाहीत. जुन्या भारतीय दंड विधानात ही सूट होती, इंग्रजांच्या काळापासून. दिल्लीच्या खटल्यात ११ मे २०२२ ला दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, एकाने सूट रद्द करावी म्हटलं, दुसऱ्याने नाही. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली. नाव भारतीय, पण ही सूट तिच्यातही जशीच्या तशी.

माझी सून वकील नाही, बँकेत आहे, पण आजकालच्या मुली वाचतात. ती म्हणाली, "मम्मी, खोट्या तक्रारी होतील ही भीती असते लोकांना." भीती मला समजते. माझाही मुलगा आहे. पण खोट्या चेकच्या भीतीने आपण बँका बंद करत नाही. तपासाची सोय करतो. (कॉमर्सची आहे मी, उदाहरणं अशीच सुचणार.)

न्यायाने वागायचं तर दुसरी बाजूही लिहायला हवी. मुलींच्या लग्नाचं वय अठरावरून एकवीस करायचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत याच बाईंनी मांडलं. त्यावर ओरड झाली, ते समितीकडे गेलं आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तसं बारगळलं. मला ते पटलं होतं. माझं लग्न बाविसाव्या वर्षी झालं ते वडिलांनी पदवीपर्यंत हट्ट धरला म्हणून. आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्या राज्यसभेत म्हणाल्या की पाळी म्हणजे काही अपंगत्व नाही, तिच्यासाठी वेगळी पगारी रजा नको. त्यावर आमच्या गटात दोन तट पडले. आपल्याकडे तर त्या दिवसांत असज्झाय पाळतो, आगमाला हात लावत नाही. रजा घ्यावी की नाही हे जिची ती ठरवेल, मी सुनेला कधी विचारलं नाही आणि तीही सांगत नाही. पण २०१८ मध्ये शबरीमलाच्या निकालानंतर मुंबईत त्या बोलल्या, त्यातलं मित्राच्या घरी काय घेऊन जाल का, हे उदाहरण मला फार उथळ वाटलं. नियम पाळणाऱ्या बायकाही ते किळस म्हणून पाळत नाहीत. त्याच भाषणात त्यांनी सांगितलं की नवरा पारशी असल्याने अग्यारीत त्यांना स्वतःला जाता येत नाही, त्या बाहेर थांबतात. ते ऐकून मात्र वाईट वाटलं. सगळी घरं जिने सांभाळायची ती एका दाराबाहेर उभी.

अमेरिकेत अशीच एक बाई होऊन गेली, अनिता ब्रायंट. ती मात्र खरोखर मुकुटवाली, १९५८ ची मिस ओक्लाहोमा, पुढे मिस अमेरिका स्पर्धेत तिसरी. गायिका होती आणि टीव्हीवर फ्लोरिडाच्या संत्र्याच्या रसाची जाहिरात करायची, हसतमुख, चार मुलांची आई. १९७७ मध्ये तिथल्या डेड काउंटीत समलिंगी माणसांना नोकरीत आणि घर भाड्याने देताना भेदभाव करू नये असा नियम झाला. ती मुलांना वाचवा म्हणत त्याविरुद्ध उभी राहिली आणि मतदान घेऊन तो नियम रद्द करून दाखवला. किती जणांची राहती घरं आणि नोकऱ्या त्यामुळे धोक्यात आल्या असतील! विरोधकांनी संत्र्याच्या रसावर बहिष्कार टाकला. १९८० मध्ये तिचा घटस्फोट झाला, आणि जे तिला आदर्श गृहिणी म्हणून डोक्यावर घेऊन नाचत होते त्यांनीच पाठ फिरवली. रसाची जाहिरातही गेली. डिसेंबर २०२४ मध्ये ती वारली. घर या शब्दावर जिला उभं केलं, तिचं घर मोडल्यावर विचारायला कोणी आलं नाही.

यंदाच्या चातुर्मासात महासतीजींनी ज्ञाताधर्मकथेतली मल्लीकुमारीची कथा सांगितली. दिगंबर बंधुभगिनी मल्लिनाथ भगवंतांना पुरुष मानतात, आपण एकोणिसाव्या तीर्थंकरांना स्त्री मानतो, तो वाद इथे नको. मिथिलेच्या कुंभ राजाची ही मुलगी, रूप असं की सहा राजे मागणी घालून सैन्यासह दारात आले. तिने स्वतःसारखी हुबेहूब सोन्याची पोकळ पुतळी घडवून घेतली होती, माथ्यावर कमळाचं झाकण. रोज जेवताना एक घास तिच्यात टाकायची. सहाही राजे पुतळीकडे बघत उभे राहिले आणि तिने येऊन झाकण काढलं. त्यांनी नाकाला उपरणी लावली. मग ती बोलली.

प्रवचन ऐकताना मला त्यातला क्रम लक्षात आला. लोक रूपाला जमले, पुतळी तिने स्वतः घडवली होती आणि झाकणही तिनेच काढलं. घडवणारा दुसरा कोणी नव्हता. म्हणून पुढचं तिचं बोलणं तिचं होतं.

स्मृती इराणी २०२४ मध्ये अमेठीत १,६७,१९६ मतांनी हरल्या. २९ जुलै २०२५ पासून त्या पुन्हा तुलसी झाल्या आहेत. माझी सून कधीमधी फोनवर बघते, भरभर पुढे सरकवत. मी तिला विचारलं, नंदिनी आहे का गं यात? ती म्हणाली, "कोण नंदिनी?" मग मी तिला अंशची सगळी गोष्ट सांगितली, आणि शेजारी बसलेल्या माझ्या मुलालाही ती ऐकायला लावली.